एकाच झाडाचं बी

मी अठ्ठावीस वर्षं सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आनुवंशिकतेचा धडा तर इतका तोंडपाठ होता की उंच वाटाणा, बुटका वाटाणा, पहिली पिढी, दुसरी पिढी अशा चौकटी फळ्यावर पाडता पाडता मागच्या बाकावर कोण काय कुजबुजतंय तेही मला ऐकू यायचं. एवढं असून मी स्वतः एकही वाटाणा लावला नव्हता. आमच्या उन्हात तो लागला असता की नाही, देव जाणे. जे जन्मभर शिकवलं ते डोळ्यांनी पाहिलं निवृत्त झाल्यावर, परसातल्या गुलबक्षीवर, आणि ते दाखवलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या.

थोरले दीर वारले तेव्हा जाऊबाई सांगोल्याच्या बाजूला वस्तीवर एकट्याच उरल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला. वर्षभर आम्ही फोनवर चला चला करत राहिलो आणि त्या बघू बघू करत राहिल्या. शेवटी मी आणि हे गाडी घेऊनच गेलो. त्यांनी एका पिशवीत साड्या भरल्या आणि दुसऱ्या पिशवीत मातीसकट काळेकुट्ट कंद. रताळी असावीत असं समजून मी म्हटलं, अहो, सोलापुरात ढिगानं मिळतात. त्या म्हणाल्या, हे मिळत नाहीत. गाडीत ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्या घरामागे, मोरीच्या पलीकडे, दोन-तीन हात रुंदीची मातीची पट्टी आहे. कढीपत्ता आणि कोरफड सोडून तिथे मी काही जगवलेलं नव्हतं. नळाला पाणी येणार चार दिवसांनी, त्यात प्यायचं भरायचं की झाडांचे लाड करायचे? जाऊबाईंनी आल्या आठवड्यात भांडी विसळल्याचं पाणी तिकडे वळवलं. पावसाळ्यात कंद फुटले, कमरेएवढे वाढले आणि एका संध्याकाळी फुलं उमलली. पिवळी, आणि पिवळ्यावर लाल रेघा. एका फुलावर बारीक शिंतोडे, दुसऱ्यावर रुंद पट्टा, तिसरं तर दोघा भावांनी वाटणी करून घेतल्यासारखं, अर्धं पिवळं आणि अर्धं लाल. एका झाडावरची दोन फुलं सारखी नव्हती. शेजारणींनी बघितल्या दिवसापासून त्याला हळदीकुंकू म्हणायला सुरुवात केली. मागच्या गल्लीत विणकरांच्या घरातल्या एक तेलुगू आजी आहेत. त्या चंद्रकांता म्हणत आणि रोज एक फूल मागून नेत.

मी अर्थातच मास्तरकी सुरू केली. जाऊबाईंना सांगितलं, गुलबक्षीला पाकळ्या नसतातच, आपण जिला पाकळी म्हणतो तो खरा निदलपुंज, म्हणजे कळीचं बाहेरचं वेष्टन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता काय म्हणायचं? मी म्हटलं, पाकळीच म्हणा.

पुढच्या वर्षी मला खुमखुमी आली. मंद्रूपच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून पांढऱ्या गुलबक्षीचं बी आणलं, गल्लीतून लाल फुलाचं आणलं. दोघांचा संकर करायचा आणि फळ्यावरची चौकट मातीत बघायची. पाच वाजता फुलं उमलली की मी चिमटा घेऊन जाई, लाल फुलाचे पराग पांढऱ्या फुलावर लावी आणि वर चिठ्ठी बांधी. बी धरलं, पेरलं, आणि आली सगळी पांढरी. दुसऱ्या खेपेलाही पांढरीच. मी चिडले. जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, "पाच वाजता जातीस व्हय? तवर घरच्या घरी लगीन उरकलेलं असतंय की."

त्यांचं खरं होतं. गुलबक्षी उमलते तेव्हाच तिचे स्वतःचे पराग तिच्या तोंडाशी आलेले असतात. बाहेरचा नवरा पाच वाजता पोचून काही उपयोग नसतो. जाऊबाईंनी हे कुठे वाचलं नव्हतं, फूल उघडताना जवळून बघितलं होतं. मग काम त्यांनीच हातात घेतलं. दुपारी तीनला, भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, फुगलेली कळी शिवणाच्या सुईने उघडायची, आतले पाचही पुंकेसर काढून टाकायचे, वर मलमलची चिंधी बांधायची आणि संध्याकाळी चिंधी सोडून लाल फुलाचा पराग टेकवायचा. एका फुलाला एकच बी, काळं, मिऱ्यासारखं. ते पिकलं की आपोआप गळतं, म्हणून त्याआधीच धरावं लागतं. त्यांची बोटं खडबडीत होती पण सुईच्या टोकाने कळी फाटू द्यायची नाहीत. माझ्या हातून चारातल्या तीन फाटायच्या.

त्या बियांतून गुलाबी फुलं आली. पांढरंही नाही, लालही नाही, सगळी गुलाबी. त्यांचं बी पुन्हा पेरलं तर तिसऱ्या वर्षी त्याच वाफ्यात लाल, गुलाबी आणि पांढरी, तिन्ही. गुलाबी सगळ्यांत जास्त, लाल आणि पांढरी साधारण सारखी. मी रोपं मोजली, वहीत लिहिली, पुन्हा मोजली. वयाच्या साठीला मी परसात टाळ्या वाजवल्या, हे खिडकीतून बघत होते याचीही लाज वाटली नाही. जाऊबाई म्हणाल्या, आजा-आजी परत आले म्हण की. मी म्हटलं, अगदी तेच, हेच मी अठ्ठावीस वर्षं सांगत आले.

या यशाने मी फुगले हे मला कबूल आहे. आता मला झाडांचं सगळं कळतं असं वाटायला लागलं. रेघांच्या झाडाचं गणित मात्र माझ्या चौकटीत बसत नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे काणाडोळा केला. ते जाऊबाईंचं खातं. त्या रोज संध्याकाळी त्या झाडांपाशी उभ्या राहत आणि काही फांद्यांना पिठाच्या पिशवीचा पांढरा दोरा बांधत. का बांधता, असं मी कधी विचारलं नाही. जुन्या बायकांच्या शंभर सवयी असतात, त्यातली एक, असं मी धरून चालले.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीभर हळदीकुंकू चालतं, आणि माझ्या घरी तर पस्तीस-चाळीस बायका येतात. जाऊबाई पूर्वी सणाला आमच्याकडे आल्या की पुढे बसून सगळ्यांना उखाणे घ्यायला लावत. दीर गेल्यावर त्या राहायला आल्या, त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बायका येऊ लागल्या तशा त्या उठून मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. कोणी जा म्हटलं नाही. कोणी थांबाही म्हटलं नाही, आणि त्यात मीही आले. दुसऱ्या वर्षीही तेच. मला राग यायचा, त्यांचा, बायकांचा आणि माझा. त्यांना म्हटलं, तुम्ही पुढे बसा, कोण काय बोलतं ते मी बघते. त्या म्हणाल्या, कुणी कीव करून बसवलेलं मला नको. ते मला पटलं, त्यामुळे आणखीच राग आला.

तिसऱ्या वर्षी मला युक्ती सुचली. हळदीकुंकवाला आपण वाण देतो, कुणी वाटी देतं, कुणी प्लास्टिकची गाळणी. मी म्हटलं, यंदा वाण म्हणून ह्या झाडाचं बी देऊ. हळदीकुंकवाला हळदीकुंकवाचं फूल. कसं पेरायचं, किती पाणी घालायचं, ते सांगायला जाऊबाईच हव्यात, मला कुठे येतं?  त्या म्हणाल्या, कामाला म्हणून येईन. आणि त्या आल्या. कुंकू लावून घ्यायला नाही, पण पुढच्या खोलीत, सतरंजीच्या कडेला, सुपात बियांच्या पुड्या घेऊन बसल्या आणि प्रत्येकीला सांगत राहिल्या: आधी भिजवा, मृगात लावा, दोन बोटं खोल. बायका ऐकत होत्या, उलट प्रश्न विचारत होत्या. मी चहा देताना त्यांच्याकडे बघत होते. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी मी जे केलं ते इथेच सांगून टाकते. जाऊबाईंनी बी दोन वाट्यांत ठेवलं होतं. पुड्या बांधायचं काम माझं. प्रत्येक पुडीत दहा असं ठरवून मी बांधायला लागले तर पहिल्या वाटीतलं बी आठ पुड्यांतच संपलं. दुसरी वाटी शेजारीच होती, भरलेली. जाऊबाई दुकानात गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, एकाच झाडाचं बी, वेगवेगळं ठेवायचं कारण काय? एका झाडाची सगळी फुलं एकाच रक्ताची, हे मी हजारो मुलींना शिकवलंय. बांधलेल्या पुड्यासुद्धा सोडल्या, दोन्ही वाट्या एका ताटात ओतल्या, हाताने नीट कालवल्या, छत्तीस पुड्या बांधल्या आणि उरलेलं बी दुसऱ्या वाटीत परत भरलं. सांगण्यासारखं काही केलं असं मला वाटलंच नाही, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

मृगात बायकांनी बी लावलं. श्रावणाच्या शेवटी आमच्या बायकांच्या व्हाट्सॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. पहिला फोटो नुसत्या लाल फुलांचा. दुसराही लाल. तिसऱ्यात रेघा होत्या, त्याखाली मी चार फुलं टाकली. मग पुन्हा लाल, लाल, एक पिवळा, लाल. जाऊबाईंना मी उत्साहाने फोन दाखवत होते, त्या चष्मा लावून एकेक फोटो बघत आणि फोन परत देत. छत्तीस घरांपैकी धड रेघांची फुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरी आली.

समोरच्या घरातल्या बाईंच्या कुंडीतली रोपं नुसती पिवळी निघाली. लाल रेघ नावालाही नाही. त्याच सुमाराला त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. गौरीच्या हळदीकुंकवाला मी एका मैत्रिणीकडे गेले तेव्हा त्या तिथे होत्या, जागरणाने डोळे ओढलेले. फुलांचा विषय निघाला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्याकडे हळद राहिली आणि कुंकू गेलं. बी कुणाच्या हातचं होतं ते तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं."

 मी बोलले, आणि फार वाईट बोलले. अंधश्रद्धा, अडाणीपणा, शिकून काय उपयोग, सगळं. त्यांनी पाणी नीट घातलं नसेल असंही म्हणाले, ज्याचा रंगाशी काडीचा संबंध नव्हता. मग कुंकू न लावून घेताच निघून आले. वाटेत माझ्या ध्यानात आलं की पिवळी का आली याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाई घाबरलेली होती हेही तेव्हा मला सुचलं नाही. तिचे यजमान पंधरा दिवसांत बरे होऊन घरी आले, पण बोललेला शब्द गल्लीत राहिला. भाजीच्या गाड्यापाशी तो जाऊबाईंच्या कानावर पडला.

 त्या परसात जायच्या बंद झाल्या. विसळलेल्या पाण्याची बादली त्या उंबऱ्याशी ठेवत आणि ह्यांना सांगत, भावजी, तेवढं झाडांना घाला. नवरात्रात नैवेद्याला पुरण करायचं होतं तर म्हणाल्या, पुरणाला तू हात लाव, मी बाकीचं बघते. मी त्यांना समोर बसवून व्याख्यान दिलं. हातातून काही जात नसतं, शास्त्रात असं काही नाही, तुम्ही एवढ्या शहाण्या बाई. त्या मान हलवत. एकदा एवढंच म्हणाल्या, मग सगळ्यांचीच कशी बिघडली? 

त्यांच्या मुलीला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे आमच्याकडे सोलापुरात, असं ठरलेलं होतं. त्या दिवसांत जाऊबाई मला म्हणाल्या की पोरगी पुण्यातच राहील, तिथले दवाखाने मोठे आहेत. मला ते पटलं. मी वर म्हटलं, बरोबर आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी फुलं तोडायला परसात गेले. सगळ्यांत थोरल्या झाडाची एक फांदी उजवीकडे भिंतीला टेकली होती. तिच्यावरची सगळी फुलं लाल, एकही रेघ नाही. खालची एक बारकी फांदी नुसती पिवळी. बाकीच्या फांद्यांवर रेघा, आणि त्यांतल्या काहींना गेल्या वर्षीचा मळलेला दोरा अजून बांधलेला. एकाच झाडावर तीन तऱ्हा. गेली तीन वर्षं मी त्या झाडापाशी रोज उभी राहत होते. मी जाऊबाईंना हाक मारून विचारलं, हा दोरा कशाला बांधता हो?

त्या दारातूनच म्हणाल्या, "रेघांच्या फांदीला दोरा. बी तिचंच धरायचं. फांदी लाल झाली की तिचं बी लालच देतंय, ते येगळं ठेवायचं. मी ठेवलं हुतं की येगळं, दोन वाट्यांत. तरीबी असं झालं."

ताटात कालवलेल्या त्या दोन वाट्या मला आठवल्या.  नंतर मी पुढे कॉलेजात शिकवायला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून नीट विचारून घेतलं. या फुलाच्या लाल रंगाच्या आड एक फिरता अडसर बसलेला असतो, म्हणून फूल पिवळं दिसतं. वाढताना एखाद्या पेशीतून तो अडसर उठून जातो आणि तिथून पुढच्या सगळ्या पेशी लाल होतात. उशिरा उठला तर बारीक रेघ, लवकर उठला तर पट्टा, आणि फांदी फुटायच्याही आधी उठला तर सबंध फांदी लाल. तिच्या बियांतही मग तो लाल रंग उतरतो, चारातल्या तीन रोपांवर तरी दिसतो. कुठे तो अडसर कायमचा अडकून बसतो, ती फांदी नुसती पिवळी. झाड एक असलं तरी फांद्यांची वाट वेगळी झालेली असते. माझ्या चौकटीत फांदीला जागाच नव्हती. आणि जाऊबाई हे सगळं एका दोऱ्याने करत होत्या.

म्हणजे त्यांनी निवडलेलं बी मी बिघडवलं होतं. हे त्यांना लगेच सांगायला हवं होतं, आणि मी दोन दिवस सांगितलं नाही. आयुष्यभर चूक दाखवायची सवय असलेल्या माणसाला चूक सांगता येत नाही. दसऱ्याला सोनं वाटलं, पाहुणे आले-गेले, आणि मी त्यांची नजर चुकवत हिंडत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कोथिंबीर निवडत होत्या. मी समोर बसले, अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि सगळं सांगितलं. बी कमी पडलं तिथपासून ताटात कालवलं तिथपर्यंत.

त्यांचे हात थांबले. त्या चिडतील असं मला वाटलं होतं, चिडल्या असत्या तर मी ते सहज सोसलं असतं. त्या कितीतरी वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीला सांगितलं मी, बाळंतपणाला हितं येऊ नको म्हणून. म्हटलं, तान्ह्या लेकराला माझा हात नको."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली कोथिंबीर काढून घेतली, कारण मी देठ ठेवून पानं टाकत होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, फोन लाव. मी मुलीला फोन लावून दिला. त्यांनी फार बोलणं केलं नाही. ये म्हणाल्या, दिवाळी झाल्यावर ये, डिंकाचे लाडू मी करून ठेवते. पलीकडून मुलगी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण ती बराच वेळ बोलत होती आणि जाऊबाई नुसतं व्हय, व्हय म्हणत होत्या.

फोन ठेवल्यावर मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला मध्येच तोडलं. मला सांगून काय उपयोग, म्हणाल्या, ज्या बायांनी ऐकलंय त्यांना सांग. मी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहायला घेतलं तर फोनही काढून घेतला. "लिहून न्हाय. तोंडानं. सगळ्यांच्या फुडं."

खरं सांगते, फोनवर लिहिणं मला सोपं गेलं असतं. सगळ्यांच्या पुढे म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच; तोवर दोरे पुन्हा बांधले गेले. या खेपेला मी विचारून विचारून शिकत होते आणि जाऊबाई सांगत होत्या, थोड्या कुरकुरत, कारण मी फार प्रश्न विचारते. बियांच्या वाट्या त्यांनी त्यांच्या खोलीत, कपाटात कुलपात ठेवल्या. किल्ली कमरेला. त्यावर मी काही बोलावं अशी माझी परिस्थिती नव्हती. मुलगी दिवाळीनंतर आली आणि वळकटी टाकून आईच्याच खोलीत राहिली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू झालं. नेहमीपेक्षा जास्तच बायका आल्या, आणि समोरच्या बाईही आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. गौरीनंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. जाऊबाई मागच्या खोलीत होत्या. मी बोलावलं नाही, त्यांनीच तसं सांगितलं होतं, आधी तू बोल. बायकांची तिळगुळाची देवघेव झाल्यावर मी उभी राहिले.  मी म्हटलं, गेल्या वर्षी तुम्हाला जे बी दिलं ते जाऊबाईंनी अचूक निवडलं होतं. चांगल्या फांदीचं वेगळं, टाकायचं वेगळं. ते मी न विचारता एकत्र केलं, कारण मला वाटलं मला जास्त कळतं. तुमच्याकडे लाल आलं, पिवळं आलं, ते सगळं माझ्या हाताने आलं. त्यांच्या हातात काही दोष असता तर या परसातली झाडं आधी बिघडली असती. गौरीच्या वेळी मी एकीला अडाणी म्हणाले, तेही मागे घेते. अडाणीपणा माझा होता.

 कुणीतरी बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. समोरच्या बाईंनी पदर सावरला आणि विचारलं, यंदा बी कुणी निवडलंय? मी म्हटलं, त्यांनीच, मला तर कुलूप आहे. त्या उठल्या. माझ्याकडे न येता, माझ्या हातातल्या करंड्याकडे न बघता, सरळ मधली खोली ओलांडून मागच्या दाराशी गेल्या आणि कडी वाजवली. "वैनी," त्या म्हणाल्या, "मला नीट दाखवून द्या. फांदी कशी ओळखायची ते."

दार उघडलं. आतून जाऊबाईंचा आवाज आला, या, बसा, चपला बाहेर. मग दुसरी उठली, मग तिघी-चौघी, मग ती तेलुगू आजी नातसुनेचा हात धरून. पाच-सात मिनिटांत माझ्या सजवलेल्या बैठकीत सतरंजी, तिळगुळाचं ताट आणि मी, एवढेच उरलो. करंडा घेऊन मीही मागे गेले. ती खोली केवढीशी; बायका कॉटवर, खाली, कपाटाला टेकून, दाटीवाटीने बसल्या होत्या. मुलगी मधोमध, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, आणि जाऊबाई तिच्या शेजारी, मांडीवर एक तोडून आणलेली फांदी. समोरच्या बाई सर्वांत पुढे. कुंकू सगळ्यांना लावायचं राहिलं होतं, आणि जाऊबाईंच्या कपाळाला लावावं की लावू नये हे मला त्या क्षणीही कळत नव्हतं, म्हणून मी करंडा धरून दारातच थांबले.

जाऊबाईंनी बोलणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, दारात उभी राहू नको," त्या म्हणाल्या. "बस हितं खाली. तुलाच शिकायचंय."

बायका सरकल्या, आणि मी बसले.